सरपोतदारांचा चेहरा

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास नाशकात मखमलाबादच्या बाजूला मिसळ खायला जायचं आणि पहिला पाव संपायच्या आत भांडायला सुरुवात करायची, हा माझा आणि माझ्या एका मित्राचा गेल्या 28 वर्षांचा नेम आहे. विषय एकच : अशोक सराफ की लक्ष्मीकांत बेर्डे. राजकारणावर आम्ही भांडत नाही, कारण बोलून काही उपयोग नाही यावर दोघांचं एकमत आहे. क्रिकेटवर भांडायचो, ते वयानं सुटलं. हे मात्र सुटत नाही. मध्यंतरी त्याची बायपास झाली तेव्हा मिसळ चार महिने बंद होती, भांडण फोनवर चालू होतं. "डॉक्टरांनी जास्त बोलायचं नाही सांगितलंय," असं म्हणून तो वीस-वीस मिनिटं लक्ष्यावर बोलायचा.

तो लक्ष्याचा, मी मामांचा. आमच्या वयाची कुठलीही दोन मराठी माणसं धरा, ही फाळणी सापडेलच. 'धूमधडाका' 1985 चा, 'दे दणादण' 1987 चा, 'अशी ही बनवाबनवी' 1988 चा, 'थरथराट' 1989 चा. त्या चार-पाच वर्षांत ज्यांना मिसरूड फुटलं त्यांना कुठल्या तरी एका बाजूला उभं राहावंच लागलं. मित्राचं म्हणणं असं की लक्ष्या पडद्यावर नुसता आला की टॉकीजची हवा बदलायची. तो धडपडत यायचा, कुणाच्या तरी अंगावर जायचा, डोळे मोठे करायचा, आणि पुढच्या रांगांतली पोरं खुर्च्यांवर उभी राहायची. माझं म्हणणं, मामा काहीच करत नाहीत आणि तरी सगळं होतं.

"काहीच न करायचा पगार," मित्र म्हणतो. "सवयच आहे त्यांना. स्टेट बँकेत होते ना!"

होतेच. बँकेतली नोकरी सांभाळून ते नाटकं करायचे. मामांना 2023 चा 'महाराष्ट्र भूषण' जाहीर झाला आणि मग 2025 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा मी मिसळीचं बिल दिलं आणि वर जिलेबी मागवली. मित्रानं जिलेबी खाल्ली. मग रश्शात पाव बुडवत म्हणाला, "आमच्या माणसाला काय मिळालं रे?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

पण खरं सांगायचं तर गेली काही वर्षं या भांडणात मी नुसती वकिली करतोय. माझा माणूस कधीच बदलला. तो मामाही नाही आणि लक्ष्याही नाही. तो आहे सुधीर जोशी.

'बनवाबनवी'तले विश्वास सरपोतदार आठवा. धनंजय मानेचे घरमालक. त्यांना डायबेटीस आहे आणि इस्रायलहून त्यावरचं औषध आणून देतो म्हणून या धनंजयनं त्यांच्याकडून सत्तर रुपये घेतलेले आहेत. आता औषध नाही, रुपयेही नाहीत. आणणारा माणूस वारला आणि त्याच्याबरोबर ते सत्तर रुपयेही वारले. वसंत सबनीसांच्या लेखणीतून आलेलं हे एक क्रियापद गेली पस्तीसेक वर्षं महाराष्ट्रात पैसे बुडाले की वापरलं जातंय. आमच्या भिशीत तर 'वारले' हा हिशेबातला अधिकृत शब्द आहे.

सगळे ते वाक्य लक्षात ठेवतात आणि वाक्य म्हणणारे मामा लक्षात ठेवतात. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. आता तो प्रसंग लागला की मी मामांकडे बघतच नाही. सुधीर जोशींकडे बघतो. समोरचा माणूस मेल्याची बातमी सांगतोय म्हटल्यावर चेहरा दुखवट्याचा करावा लागतो, ही मध्यमवर्गी शिस्त. पण आत सत्तर रुपये ओरडतायत. मेलेल्या माणसाकडून पैसे मागायचे कसे? आणि नाही मागायचे, तर सोडायचे कसे? सभ्यपणा आणि चिकटपणा यांची सगळी ओढाताण त्या एका चेहऱ्यावर चालते आणि तोंडातून फारसं काही निघत नाही. सुधीर जोशी त्या ठिकाणी नुसते चिडले असते, तर तो एक बरा विनोद झाला असता आणि 1988 मध्येच वारला असता.

विनोद बोलणाऱ्याचा असतो ही समजूत मला शाळेपासून होती. तो ऐकणाऱ्याचा असतो, हे मला दोन माणसांमुळे कळलं. एक आमचे दिग्दर्शक आणि दुसरे नाना, म्हणजे माझे वडील.

दिग्दर्शकांचं आधी सांगतो, ते लवकर आटपेल.

सातपूरच्या एका कारखान्यात मी लागलो, तिथं नाटकवेड्यांची टोळी होती. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत आम्ही दरवर्षी उतरायचो आणि दरवर्षी उत्तेजनार्थ काहीतरी घेऊन यायचो. आमचे दिग्दर्शक टूलरूममध्ये होते. दिवसभर मायक्रोमीटर हातात, त्यामुळे तालमीतही त्यांना अर्धा सेकंद इकडचा तिकडे चालायचा नाही. एक वर्षी विनोदी नाटक घेतलं. मला घरमालकाचं काम होतं, सहा-सात मिनिटांचं. मुख्य नट माझ्याशी लांबलचक थाप मारतो, थापेच्या शेवटी एक शब्द चुकीचा वापरतो आणि त्या शब्दावर हशा. तालमीत हशा यायचा. पडदे ओढणारा पोरगासुद्धा हसायचा. प्रयोगाला मात्र प्रेक्षागृह थंड. कुणीतरी मागं खोकलं तेवढंच. मुख्य नटानं विंगेत आल्यावर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याचं पाकीट मारलंय.

प्रयोगानंतर दिग्दर्शकांनी मला बाजूला घेतलं. "तू हशा खाल्लास."

"मी? मी तर गप्प उभा होतो."

"गप्प होतास. पण तो शब्द यायच्या आधीच तुझ्या तोंडावर आला होता. तुझं पात्र ही थाप पहिल्यांदा ऐकतंय. तू तालमीत चाळीसदा ऐकलीयेस. लोकांनी तुझं तोंड वाचलं आणि त्यांनाही ती जुनी झाली."

पुढच्या वर्षी मला बिनबोलाचं काम दिलं. हमाल. ती शिक्षा होती की शिक्षण, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

तेव्हापासून मला सवयच लागली. विनोदी सिनेमा असो, मालिका असो, मी बोलणाऱ्याच्या बाजूला कोण उभा आहे ते बघतो. आणि जी गंमत दिसायला लागते, ती सांगून सोय नाही. शरद तळवलकरांचा 'धूमधडाका'तला धनाजी वाकडे बघा. मामांचा तो श्रीमंत बाप खोकत-खोकत 'व्याख्या विख्खी वुख्खू' करतो, त्यावर सगळी पोरं अजूनही पोट धरून हसतात. पण समोर तळवलकर त्या खोकल्याला खानदानी खोकला समजून जो मान देतात, त्यावर ते सगळं उभं आहे. त्यांनी एकदा जरी 'हा काय वेडा आहे काय' असा चेहरा केला असता, तर मामांना खोकल्याचं औषध घेऊन घरी जावं लागलं असतं.

मराठीत हा ऐकणारा नट पिढ्यान् पिढ्या तयार व्हायचा, कारण तो नाटकातून यायचा. नाटकात कॅमेरा नसतो. दुसरा बोलत असताना तुम्ही रंगमंचावर उभेच असता, लपायला जागा नाही. आमच्या गावालाही याची चांगली ओळख होती. वसंत कानेटकर एचपीटी कॉलेजात शिकवायचे आणि इथंच राहून 'प्रेमा तुझा रंग कसा' आणि 'लेकुरे उदंड जाहली' लिहायचे. 'लेकुरे' वाचून बघा, अर्धी गंमत समोरच्याच्या गप्प बसण्यात आहे. असो. गावाच्या अभिमानात वाहवत जायचं वय नाही.

आता नाना.

नाना मशिनवरचे कामगार. मोठा, आवाजी शॉप. शिफ्ट संपवून सायकलनं पंचवटीत वाड्यावर यायचे, गार पाण्यानं हातपाय धुवायचे आणि बोलायचे नाहीत. आम्हाला वाटायचं स्वभावच तुसडा. वाड्यात पहिला टीव्ही खालच्या काकूंकडे आला, तेव्हा 'ये जो है जिंदगी' बघायला सगळा वाडा त्यांच्या खोलीत. आम्ही पोरं सतीश शाहची वाट बघायचो, कारण तो दर भागात नवाच माणूस होऊन यायचा. नाना दारात उभे. सगळे हसले की नाना हसायचे. सगळ्यांच्या मागून, अर्धा-एक सेकंद उशिरा. आई म्हणायची, "झाली यांची ट्यूबलाइट सुरू." त्यावर वाडा परत हसायचा आणि नाना परत उशिरा हसायचे.

(सतीश शाह 2025 च्या ऑक्टोबरात गेले, तेव्हा मी 'जाने भी दो यारो' पुन्हा लावला. 1983 चा सिनेमा. सगळे त्यांच्या प्रेताच्या कामाबद्दल बोलतात आणि बरोबरच बोलतात. चाकावर ढकललं जाणारं, साडी नेसवलं जाणारं, महाभारतात उभं केलं जाणारं ते कमिशनर डिमेलोचं प्रेत. न ऐकणाऱ्या माणसाचं इतकं उत्तम काम हिंदीत दुसरं झालं नसेल.)

'बनवाबनवी' आम्ही टॉकीजला बघितला. कुठल्या टॉकीजला, यावर माझं आणि ताईचं एकमत नाही. ती म्हणते सर्कल, मी म्हणतो विजयानंद. आई असती तर तिनं तिसरंच नाव सांगितलं असतं. विजयानंद, सर्कल, हेमलता, मधुकर, दामोदर, चित्रमंदिर : ही नावं नुसती म्हटली तरी माझ्या नाकात पान, बिडी आणि इंटरव्हलच्या वड्याचा वास येतो. तर कुठलं का असेना. मला पक्कं आठवतं ते इतकंच की नाना माझ्या डाव्या हाताला बसले होते आणि सत्तर रुपयांच्या वेळी सगळ्यांच्या आधी हसले.

उशिरा नव्हे. सगळ्यांच्या आधी. मी चमकून बघितलं होतं. मग विसरलो.

ते परत आठवायला दहा-अकरा वर्षं जावी लागली. नाना निवृत्तीला आले होते. कंपनीनं कान तपासायला पाठवलं आणि तो कागद हातात घेऊन ते घरी आले. दोन्ही कान. आजचे नाहीत, वीस वर्षांपूर्वीपासूनचे. कागदावरचा आलेख उजवीकडे असा घसरत गेला होता, जसा आपल्याकडे फेब्रुवारीनंतर धरणाचा साठा घसरतो. उंच स्वराचे आवाज तर जवळजवळ गेलेच होते. डॉक्टरांनी विचारलं, टीव्हीवरचं कळतं का? नाना म्हणाले, "चेहऱ्यावरून कळतं."

म्हणजे इतकी वर्षं आम्ही ज्याला ट्यूबलाइट म्हणत होतो, ते भाषांतर होतं. बोलणाऱ्याचं तोंड धड दिसलं नाही, तर नाना ऐकणाऱ्याच्या तोंडावरून विनोद काढून घ्यायचे. खोलीत पंधरा माणसं असली की आमच्या तोंडावरून. आणि पडद्यावर सुधीर जोशींसारखा कुणी असला, तर थेट तिथूनच, आमच्या कुणाचीही गरज नसताना. त्या रात्री आई स्वयंपाकघरात बराच वेळ भांडी घासत होती. पोळ्यांचा तवा तिनं दोनदा घासला.

नानांना आवडणारी माणसं मग मी नव्यानं मोजली. ती सगळी ऐकणारी निघाली. मामा तर होतेच. 1995 मध्ये झी टीव्हीवर 'हम पाँच' सुरू झालं, ते नाना कधी चुकवायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, मराठी माणूस हिंदीत चमकतोय याचं कौतुक. पण ती मालिका आठवून बघा. पाच पोरींचा बाप आनंद माथुर. घरात सहा बायका एकदम बोलतात आणि वर भिंतीवरच्या तसबिरीतून मेलेली पहिली बायको बोलते. ती प्रिया तेंडुलकर. ह्या सगळ्या कल्लोळात मामांचं काम काय? ऐकणं. मान वर करून फोटोचं ऐकणं, फोटोला उत्तर देणं आणि ते देताना आपण वेडे दिसतोय याची लाज फक्त खांद्यांतून दाखवणं. आवाज बंद करून बघा, तरी कळतं की भिंतीवरून टोमणा आलाय आणि तो लागलाय. त्यातली कमी ऐकू येणारी राधिका नानांची विशेष लाडकी. ती काहीतरी भलतंच ऐकून भलतंच उत्तर द्यायची, त्यावर नाना मांडीवर थाप मारायचे. तेव्हा कागद यायचा होता. आता वाटतं, त्यांना तिची गंमत आतून कळत असणार.

हे सगळं मी एका रविवारी मित्राला सांगितलं. वाटलं, आता हा गप्प होईल, मामांचा विजय झाला. त्यानं शांतपणे पापड मोडला आणि विचारलं, " 'झपाटलेला' बघितलास ना?"

बघितलाय म्हणजे काय. 1993. तात्या विंचू. रामदास पाध्यांची बाहुली आणि तिच्यात शिरलेला दिलीप प्रभावळकरांचा गुंड.

"मग सांग," मित्र म्हणाला, "मामा फोटोचं ऐकतात. फोटोत निदान प्रिया तेंडुलकर होती. लक्ष्यासमोर काय होतं? लाकूड. त्या लाकडाला घाबरायचं, त्याच्याशी बोलायचं, त्यानं शिवी दिली की खरंच अपमान वाटून घ्यायचा. आपल्या पिढीतली पोरं महिनाभर रात्री एकटी मोरीत जात नव्हती, ती बाहुली बघून नाही जात नव्हती. लक्ष्याचं तोंड बघून."

मी पाव खाली ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कारण हे खरं होतं. मी ज्याला धडपड्या, ओरडणारा, अंगावर येणारा नट म्हणत आलो, त्यानं अख्खा सिनेमा एका बाहुलीचं ऐकून उभा केला होता. आणि मी, ऐकणाऱ्यांचा मोठा पारखी, त्याच्याकडे बघितलंच नव्हतं.

लक्ष्याबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. 1992 मध्ये जब्बार पटेलांचा 'एक होता विदूषक' आला. पटकथा-संवाद पु. ल. देशपांड्यांचे, गाणी महानोरांची. लक्ष्यानं त्यात सोंगाड्याचं आयुष्य असं काही केलंय की त्याचे सगळे सिनेमे एका पारड्यात आणि हा एक दुसऱ्या. सिनेमा फारसा चालला नाही. लोकांना त्यांचा लक्ष्या हवा होता, मग त्यानंही तोच दिला. 16 डिसेंबर 2004 ला तो गेला. जेमतेम पन्नाशीचा. त्यानंतरच्या रविवारी आम्ही मिसळीला गेलो. कडाक्याची थंडी होती, रस्सा आणेपर्यंत निवत होता. भांडलो नाही. घरी जाताना मित्र म्हणाला, "आज तू लक्ष्याला एकदा बरं म्हण." मी म्हटलं. त्यानं मोटरसायकलला किक मारली आणि गेला.

आता टीव्हीवर येतो, आणि इथं मला थोडं कुरकुरायचंय. पन्नाशी उलटलेल्या माणसाला एवढी मुभा असावी.

'चला हवा येऊ द्या' 2014 ला सुरू झालं आणि 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' 2018 ला. दोन्ही मी भरपूर बघितली, जेवताना तर रोज. भाऊ कदम तोंडावरची माशी न हलवता उभे राहतात, तेव्हा मला जुन्या घराण्यातला कुणी भेटल्यासारखं वाटतं. समीर चौघुले, प्रसाद खांडेकर, नम्रता संभेराव यांची तयारी बघून हेवा वाटतो. समीर चौघुले तर छळ सोसणाऱ्याच्या भूमिकेत सगळ्यात चांगले, म्हणजे ऐकणाऱ्याच्याच. आठवड्याला एवढी प्रहसनं लिहायची, बसवायची आणि करायची हे येरागबाळ्याचं काम नव्हे. आमच्या टूलरूमवाल्या दिग्दर्शकांनी हात टेकले असते.

तक्रार कलाकारांबद्दल नाही, कॅमेऱ्याबद्दल आहे. वाक्य पडलं रे पडलं की कॅमेरा जातो परीक्षकांकडे. ते हसतायत, खुर्चीत मागं रेलतायत, टाळी देतायत. तेवढ्या वेळात रंगमंचावर ज्यानं ते ऐकलं, त्याच्या तोंडावर काय झालं, ते आम्हाला कधीच दिसत नाही. पिकलेले आंबे काढायच्या वेळी कुणीतरी डोळ्यांवर हात ठेवावा तसं. हसायचं कधी ते आम्हाला सांगायची काय गरज आहे? नानांनी पहिल्यांदा 'हास्यजत्रा' बघितली तेव्हा विचारलं होतं, "हे खुर्चीवाले नाटकात आहेत का?" नाहीत म्हटल्यावर म्हणाले, "मग त्यांना कशाला दाखवतात सारखं?"

आणि पुरुषांना साड्या नेसवणं जरा कमी करा. 'बनवाबनवी'त सुधा आणि पार्वती होण्यावाचून त्या दोघांना गत्यंतर नव्हतं, खोली मिळत नव्हती. साडी ही त्यांची अडचण होती, म्हणून गंमत होती. दादासाहेब फाळक्यांना 1913 मध्ये बाई मिळाली नाही म्हणून अण्णा साळुंके तारामती झाले, ते ग्रँट रोडच्या उपाहारगृहात आचारी होते. पुढं 'लंकादहन'मध्ये रामही तेच आणि सीताही तेच, म्हणजे बोलणाराही तोच आणि ऐकणाराही तोच. ती गरज होती. आता नुसती सवय झालीय.

ह्या सगळ्यापेक्षा 2001 चं 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मला मोठं वाटतं. केदार शिंद्यांचं दिग्दर्शन, प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'वरून. जेवणाच्या टेबलावर पाच माणसं, कुणी ओरडत नाही, कुणी पडत नाही. शेखर काहीतरी फुशारकी मारतो, श्यामला भाजी वाढता-वाढता ते ऐकते, आबा डोळे ताटातून वर काढतात आणि पुन्हा ताटात घालतात. झालं. टीव्हीवर ह्याहून जास्त काही करायची गरज नसते असं माझं प्रामाणिक मत आहे, आणि मित्राचं मत असं की मी म्हातारा झालोय.

फाळक्यांचा विषय निघालाच आहे तर. त्र्यंबकेश्वरचा जन्म, 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागल्यावर त्याच वर्षी बिऱ्हाड नाशकात आणलं आणि 1944 च्या फेब्रुवारीत इथंच गेले. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथं शाळेच्या सहली येतात आणि डबे खाऊन जातात. पौराणिक सिनेमे काढणारा गंभीर माणूस, अशीच त्यांची प्रतिमा. पण 'मोहिनी भस्मासुर'बरोबर त्यांनी 'पिठाचे पंजे' नावाचा छोटा विनोदी चित्रपटही दाखवला होता. मराठी माणसाला पडद्यावर हसवायचा धंदाही ह्याच गृहस्थांनी सुरू केला, आणि ते कुणी सांगत नाही.

मागच्या पावसाळ्यात 'कालिया मर्दन' नानांना दाखवला. 1919 चा मूकपट, मोबाइलवरून टीव्हीला जोडून. फाळक्यांची मुलगी मंदाकिनी त्यात बाळकृष्ण झालीय, सात वर्षांची पोर. सिनेमा सुरू व्हायच्या आधी ती नुसती आपला चेहरा दाखवते. कॅमेरा समोर, पोरगी समोर, आणि एकेक भाव येतो आणि जातो. कुणीतरी कॅमेऱ्यामागून काहीतरी सांगत असणार, बहुधा बापच, आणि ती ते ऐकतेय. आवाज नाही. आपल्याला ऐकणारी दिसते, बोलणारा नाही. शंभर वर्षांपूर्वीची ती पोर हसली, तेव्हा नाना हसले. अगदी वेळेवर. मी त्यांच्याकडे बघत होतो.

नाना आता 83 वर्षांचे आहेत. कानाचं यंत्र त्यांनी वर्षानुवर्षं टाळलं. शिट्टी वाजते, पंख्याचा आवाज वादळासारखा येतो, कुकरची भीती वाटते, अशा सबबी. शेवटी गेल्या दिवाळीत नातीनं हट्ट धरून घ्यायला लावलं. छोटंसं, शेंगदाण्याएवढं, निळ्या डबीत ठेवायचं. भाऊबीजेला ताई आली होती. जेवणं झाली, सगळे लोळले होते, आणि कुणीतरी 'बनवाबनवी' लावला. नाना यंत्र घालून खुर्चीत सरसावून बसले.

नीट ऐकत होते. गाणी ऐकली, लक्ष्या ऐकला, मान डोलावली. सत्तर रुपयांचा प्रसंग आला आणि गेला. सगळं घर हसलं. नाना हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं.

"हा 'वारले' म्हणतो?"

"हो. तुम्हाला काय वाटलं होतं?"

"मला वाटलं 'मारले'. सत्तर रुपये मारले."

मी क्षणभर हिशेब केला. म्हणजे नानांच्या सिनेमात धनंजय माने घरमालकाच्या तोंडावर, डोळ्याला डोळा भिडवून, सरळ सांगतो की तुमचे सत्तर रुपये मी मारले. आणि त्यावर सरपोतदार दुखवट्याचा चेहरा करून उभे राहतात.

"तोंडावर सांगतोय, आणि ह्या बिचाऱ्याला काही बोलता येईना," नाना म्हणाले. "इतकं हसायचो मी."

मग त्यांनी कानातलं यंत्र काढलं, निळ्या डबीत ठेवलं, डबीचं झाकण दोनदा दाबून बघितलं.

"मागं घे," म्हणाले. "परत लाव."